तेजोमेघाचे फोटो सुधारायला आमच्याकडे देण्याआधी

मृग नक्षत्राच्या पोटातल्या बाणाखाली जो धूसर ठिपका दिसतो, तो सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरचा तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकता ढग आहे. साध्या डीएसएलआरने तो टिपता येतो. पण घरी येऊन कार्ड उघडलं की आभाळ तांबूस आणि मधे राखाडी डाग एवढंच दिसतं, आणि पुष्कळजण तिथंच फोटो डिलीट करतात. कृपया करू नका. त्या डागातच सगळं असतं.

आम्ही एकाच जागेचे अनेक फोटो तारे जुळवून एकावर एक रचतो. तेजोमेघ प्रत्येक फोटोत तिथंच असतो, अंधारातल्या फोटोवर येणारे दाणे मात्र दरवेळी वेगळे पडतात, म्हणून ते विरत जातात. १६ फोटो रचले तर दाणे चौथ्या हिश्श्यावर येतात, ६४ रचले तर आठव्या. त्यामुळे चांगला एक निवडून आणू नका, सगळे आणा. हललेले आम्ही बाजूला काढू.

फोटो रॉ हवेत, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइल्स. जेपेगमध्ये उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. अंधारातला भाग उजळताना हा फरक लगेच कळतो.

तिथून निघण्याआधी लेन्सला टोपण लावून, त्याच आयएसओवर आणि तेवढ्याच सेकंदांचे वीसेक फोटो तिथल्या थंडीतच काढा. हॉट पिक्सेल, म्हणजे सेन्सरवरचे आपोआप चमकणारे ठिपके, त्यांच्यावरूनच वजा होतात. घरी येऊन काढलेले उपयोगी पडत नाहीत, कारण सेन्सरचं तापमान बदललेलं असतं. नुसत्या ट्रायपॉडवर ५० मिमी लेन्सने पाच-सहा सेकंदांच्या वर जाऊ नका, ताऱ्यांच्या रेघा होतात.

जागेबद्दल थोडं. पन्हाळ्यावरून मृग उगवताना मधे कोल्हापूरचे दिवे येतात. गगनबावडा किंवा राधानगरीकडे अमावास्येच्या आसपास गेलात तर फार फरक पडेल. फक्त लेन्सवर दव धरत नाही ना, ते पाहत राहा. शहराचा तांबूस उजेड आम्ही वजा करतो, पण त्यात बुडालेला फिका भाग परत आणता येत नाही.

रंगाचंही आधीच सांगतो. साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर हायड्रोजनचा गडद लाल, म्हणजे ६५६.३ नॅनोमीटरचा प्रकाश, बराचसा अडवतो. मासिकांत असतो तसा लालभडक मेघ म्हणूनच येत नाही. तो लाल आम्ही ब्रशने भरून देत नाही. तुमच्या फाइलमध्ये आला असेल तेवढाच वर काढतो.

फाइल्स पेनड्राइव्हवर आणा. मूळ फाइल्स जशाच्या तशा परत मिळतील.