पाय पुरणं आणि तोल सावरणं

पहिली बाईक घ्यायला गेलेल्या कमी उंचीच्या माणसाला शोरूममध्ये हमखास एकच आकडा ऐकवला जातो, सीटची उंची. बजाज अ‍ॅव्हेंजरची सीट ७३७ मिलिमीटरवर, म्हणजे ही तुमची. हिमालयन ४५० ची ८२५ वर, म्हणजे तिचं नाव काढू नका. आकडा खरा असतो, पण त्यावरून फारसं काही कळत नाही. बाईक पडते ती पाय टेकला नाही म्हणून क्वचितच. ती कलायला लागते आणि तिला परत उभं करण्याइतका जोर पायात उरत नाही, तेव्हा ती पडते. म्हणून नवशिक्याने आधी बघायचं ते हे की गाडी किती अंश कलली तरी आपल्याला सावरता येईल.

सुरुवात स्वतःच्या पायापासून करा. अनवाणी, भिंतीला टाचा आणि पाठ लावून उभं राहायचं, पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक दोन मांड्यांमध्ये आडवं धरून वर घट्ट दाबायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजायचं. ही पायाची आतली लांबी. साधारणपणे ती उंचीच्या ४५ ते ४७ टक्के भरते. पाच फुटी माणसाची, म्हणजे १५२ सेंटिमीटर उंचीला, ती ६८ ते ७१ सेंटिमीटर येते. भारतीय स्त्रियांची सरासरी उंचीही याच्याच आसपास आहे, तेव्हा ‘कमी उंचीचा रायडर’ हा काही अपवाद नव्हे. गाड्यांचे आराखडे मात्र तसं समजूनच काढलेले दिसतात.

७० सेंटिमीटर आतली लांबी आणि बुटाच्या तळाचे ३ सेंटिमीटर, असे झाले ७३. हीरो स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटरवर, म्हणजे साडेपाच सेंटिमीटर कमी पडले. पण कंपनीचा आकडा रिकाम्या गाडीचा असतो. माणूस बसला की शॉकअप दबतात आणि सीट दोनएक सेंटिमीटर खाली येते. उरलेले साडेतीन सेंटिमीटर टाच उचलून सहज भरून निघतात, कारण चवड्यावर उभं राहिलं की आठ-दहा सेंटिमीटर मिळतात. मग अडचण कुठे येते? सीटच्या रुंदीत. पाय सीटच्या मधोमधून सरळ खाली जात नाही. आधी बाजूला जातो, सीटची कड ओलांडतो आणि मग उतरतो. फुगीर, रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि दोन-चार सेंटिमीटर तिथेच खर्च होतात. त्यामुळे ७९० ची अरुंद सीट ७७० च्या रुंद सीटपेक्षा जवळची वाटू शकते. बीएमडब्ल्यू म्हणूनच आपल्या माहितीपत्रकात सीटच्या उंचीसोबत आणखी एक माप देते. एका बाजूच्या जमिनीपासून सीटवरून दुसऱ्या बाजूच्या जमिनीपर्यंत जाणाऱ्या वक्र रेषेची ती लांबी. बाकीच्या कंपन्या ती सहसा देत नाहीत, पण शिंप्याची टेप घेऊन कोणत्याही गाडीवर ती मोजता येते. टाकीच्या अगदी जवळ, जिथे सीट सर्वांत निमुळती असते, तिथून टेप टाकायची आणि आलेल्या मापाची निम्मी लांबी बूट घातलेल्या पायाशी ताडून बघायची.

शॉकअपच्या बाबतीत कमी उंचीच्या माणसावर दुहेरी अन्याय होतो. उंची कमी तसं वजनही बहुधा कमी. स्प्रिंग वजनाच्या प्रमाणात दबते, त्यामुळे ७५ किलोंचा माणूस सीट जितकी खाली आणतो, त्याच्या दोन-तृतीयांशच ५० किलोंचा आणतो. त्यात शोरूममधून निघताना मागचे शॉकअप कडक खाचेवर असतील, तर स्प्रिंग आधीच दबून बसलेली असते आणि बसणाऱ्याच्या वजनाचा काही भाग तिला हलवण्यातच जातो. बहुतेक गाड्यांच्या मागच्या शॉकअपला पाच खाचांची कॉलर असते. हलक्या माणसाने ती सर्वांत मऊ खाचेवर आणून घ्यावी. गाडीसोबत येणाऱ्या पान्याने दोन मिनिटांत होतं आणि खर्च शून्य.

आता कलण्याचा हिशोब. स्प्लेंडरचं पेट्रोलसकट वजन ११२ किलो. गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू, जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आहे असं धरू. वर बसलेला माणूस ५० किलोंचा, त्याचा गुरुत्वमध्य सुमारे एक मीटरवर. जमिनीवर टेकलेला पाय टायरच्या रेषेपासून ३० सेंटिमीटर बाहेर आहे. गाडी ५ अंश कलली, तर तिला तिथेच थोपवायला त्या पायावर ३१ किलोंचा भार येतो. हे तर एका पायावर उभं राहण्यापेक्षाही सोपं. १० अंशांना तोच भार ६१ किलो होतो, म्हणजे स्वतःच्या वजनाहून जास्त, तोही चवड्यावर. १५ अंशांना ९१. अंश दुप्पट झाले की भारही जवळजवळ दुप्पट. सेकंदाच्या एखाद्या भागात गाडी ५ वरून १५ वर जाते, म्हणून पडणाऱ्याला ‘अचानक जड झाली’ असं वाटतं.

यात पायाची अवस्थाही मोजायला हवी. गुडघा जरा वाकलेला असेल, तर मांडीचा मोठा स्नायू गाडीला वर ढकलू शकतो. पाय ताठ आणि टोकावर असेल, तर तो नुसता खांब होतो, ढकलणारा कुणी उरत नाही. शिवाय बोटांखालची जागा रुपयाच्या दोन-तीन नाण्यांएवढी. तिथे वाळू, सांडलेलं ऑइल किंवा पावसाळ्यातला पांढरा पट्टा आला की खांबही सरकतो.

मग कमी सीटची क्रूझर घ्यावी? रॉयल एनफील्ड मीटिऑर ३५० ची सीट ७६५ मिलिमीटरवर आहे, स्प्लेंडरपेक्षा दोन सेंटिमीटर खाली. पण वजन १९१ किलो. तिचा गुरुत्वमध्य पाच सेंटिमीटर खाली आहे अशी सूट देऊनही १० अंशांना पायावर ७९ किलो येतात. सिग्नलला मात्र तळवा जास्त टेकतो, गुडघा वाकतो आणि तो जोर लागू पडतो. म्हणून बसल्या जागी मीटिऑर ठीक वाटते. खरी परीक्षा उतरल्यावर. पार्किंगमध्ये २० ला १ एवढा साधा चढ असेल, तर मीटिऑर मागे ढकलायला साडेनऊ किलोंचा जोर सतत लावावा लागतो, वर चाकांचं घर्षण वेगळं. स्प्लेंडरला साडेपाच. त्या वेळी गाडी दोन्ही हातांत असते आणि ती कुठल्या बाजूला कलेल याचा भरवसा नसतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पुढचं चाक उताराकडे, भिंतीशी करून लावलेली जड गाडी सकाळी एकट्याने बाहेर काढता येत नाही, म्हणून लावतानाच मागचं चाक भिंतीकडे ठेवायची सवय लावून घ्यावी.

मागे बसणाऱ्याचा हिशोब तर डोळे उघडणारा आहे. ५० किलोंचा माणूस एक मीटरहून थोड्या जास्त उंचीवर बसला, तर गाडीला पाडण्यात त्याचा वाटा अख्ख्या स्प्लेंडरइतका. तो चढताना गाडी डावीकडे कलते आणि १० अंशांना पायावरचा भार ६१ वरून ९० च्या पुढे जातो. पहिले दोन-तीन महिने मागे कुणालाही बसवायचं नाही, हा नियम भित्रेपणाचा नाही. नंतरही मागच्याने आधी विचारून, दोन्ही ब्रेक दाबलेले असताना, गाडीच्या अगदी लगत उभं राहून चढावं.

गाडी एकदा चालायला लागली की उंचीचा प्रश्न मिटतो. पंधरा-वीस किलोमीटरच्या वेगाला दुचाकी स्वतःच तोल धरते. याचं श्रेय बरीच वर्षं फिरत्या चाकाच्या जायरोस्कोपिक परिणामाला, म्हणजे फिरतं चाक आपली दिशा सहज सोडत नाही या गुणाला, दिलं जात होतं. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठांच्या संशोधकांनी तो परिणाम आणि पुढच्या चाकाचा ट्रेल (हँडलच्या आसाची रेषा जमिनीला मिळते तिथून चाक किती मागे टेकतं ते अंतर), दोन्ही रद्द होतील अशी सायकल बनवली. तीही धक्का दिल्यावर आपोआप सावरली. मुद्दा इतकाच की धोका शून्य ते दहा किलोमीटरच्या पट्ट्यात आहे, आणि तिथे पायापेक्षा क्लच जास्त उपयोगी पडतो. हाफ क्लच (अर्धवट सोडलेला क्लच) आणि मागचा ब्रेक एकत्र वापरून गाडी मुंगीच्या पावलाने चालवता आली की पाय टेकायची वेळच कमी येते.

आरटीओच्या चाचणीत इंग्रजी आठचा आकार काढायचा असतो, तोही पाय न टेकवता. तिथे कमी सीट कामाला येत नाही, आखूड गाडी येते. स्प्लेंडरच्या दोन चाकांमधलं अंतर १२३६ मिलिमीटर, अ‍ॅव्हेंजर २२० चं १४९०. तेवढ्याच हँडलवर लांब गाडीचा वळसा मोठा पडतो. क्रूझरवर फूटरेस्टही पुढे असतात. आखूड हातांच्या माणसाला हँडल पूर्ण वळवलं की बाहेरच्या हाताची मूठ सुटायला येते, आणि तो डावा हात असेल तर क्लचच हातातून जातो.

बऱ्याचदा गाडी पडते ती यू टर्न घेताना. हँडल वळलेलं, वेग पायी चालण्याइतका, समोर रिक्षा येते आणि उजवा हात पुढचा ब्रेक आवळतो. पुढचं चाक आडवं असल्याने गाडी जिथल्या तिथे अडते आणि आतल्या बाजूला कोसळते. तिथे उंच माणूसही वाचत नाही. हँडल सरळ नसेल तर फक्त मागचा ब्रेक, हे हाताला नाही तर पायाला शिकवावं लागतं. थांबताना क्रम असा: हँडल सरळ, दोन्ही ब्रेकनी वेग मारायचा, शेवटच्या दोन फुटांत फक्त मागचा ब्रेक, कंबर इंचभर डावीकडे सरकवायची आणि डावा पाय टेकायचा. उजवा पाय ब्रेकवरच. घाटातल्या चढावर थांबून निघतानाही हाच पवित्रा. कंबर सरकवण्यात खरा फायदा आहे. नुसती गाडी ५ अंश कलवून दीडएक सेंटिमीटर मिळतो, कंबर सरकवली की त्यात आणखी तीन-चार सेंटिमीटरांची भर पडते.

रस्त्याच्या मधला उंचवटा आणि कडेचा उतार याची भीती दाखवली जाते, पण तो पायाखाली अर्धा सेंटिमीटरच असतो. खरी दगा देणारी जागा म्हणजे डांबर संपून साइडपट्टी सुरू होते ती कड. तिथे पायाखालची जमीन चार-पाच इंच खाली असू शकते. कडेला थांबायचं असेल, तर डांबराच्या फूटभर आत थांबावं.

सीट खाली आणायचे उपाय स्वस्तापासून महागाकडे जावेत. आधी शॉकअपची खाच, मग जाड आणि सपाट तळाचे बूट. उंच टाचेचे नकोत, गिअरच्या पेडलखाली ते अडकतात. त्यानंतर सीटवाल्याकडे जाऊन फोम कापून घ्यायचा. त्याला वरून कापायला सांगण्याआधी टाकीलगतच्या दोन्ही कडा तासायला सांगा. मांड्या जवळ आल्या की उंचीला हात न लावता पाय खाली जातो. वरून दीड-दोन सेंटिमीटरांच्या पुढे गेलं की फोम पातळ होतो आणि पन्नास किलोमीटरनंतर खालचं कडक प्लॅस्टिक टोचायला लागतं.

मागचा शॉकअप जोडणारी लिंक बदलून किंवा आखूड शॉकअप टाकून गाडी खाली करणं मात्र पहिल्या गाडीला करू नये. फक्त मागचा भाग खाली गेला की हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो, हँडल सुस्त होतं, गतिरोधकावर पोट घासतं आणि मागे कुणी बसलं की टायर मडगार्डला लागू शकतो. साइड स्टँड तेवढाच लांब राहतो, गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि जराशा धक्क्याने उजवीकडे पडते. मग स्टँड कापून वेल्ड करून घ्यावा लागतो. डबल स्टँडवर चढवायलाही जास्त उचलावं लागतं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करायला मनाई आहे, आणि विम्याच्या दाव्याच्या वेळी ते आडवं येऊ शकतं.

आमचा कौल स्पष्ट आहे. पाच फुटांच्या आसपासच्या नवशिक्याने पहिली गाडी १२५ किलोंच्या आतली घ्यावी, सीट ७९० पर्यंत चालेल. होंडा शाइन १०० फक्त ९९ किलोंची आहे, सीट ७८६ ची. टीव्हीएस रेडर १२३ किलो आणि ७८०. हंटर ३५० दिसायला आटोपशीर आणि सीट ७९० च असली, तरी वजन १८१ आहे. ती दुसरी गाडी म्हणून घ्या. वर्षभराचा सराव झाला की तीच सीट खाली आल्यासारखी वाटते.

शोरूममध्ये चकचकीत फरशीवर बसून ठरवू नका. गाडी बाहेर रस्त्यावर काढायला सांगा, रोजचे बूट आणि हेल्मेट घाला, ओळखीचं कुणीतरी पलीकडून हात लावून उभं राहू द्या आणि इंजिन बंद ठेवून गाडी डावी-उजवीकडे हळूच कलवा. जिथे पाय थरथरायला लागतो तिथे थांबा. ती तुमची मर्यादा. मग उतरून दहा पावलं पुढे आणि दहा मागे ढकला. हँडल दोन्ही टोकांना वळवून क्लच दाबून बघा. बोटं लिव्हरपर्यंत जेमतेम पोचत असतील तर केबलचा ढिलेपणा तपासून घ्या, लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर पुरे. आणि सीटवर बसूनच डाव्या पायाने साइड स्टँड काढून बघायला विसरू नका. काही गाड्यांचा स्टँड इतका पुढे असतो की आखूड पाय तिथे पोचतच नाही, आणि हे नेमकं घरी आल्यावर, दारात, गाडीवर अडकल्यासारखं बसलेलं असताना लक्षात येतं.