एका शेंगेन परमिटवर शेजारच्या देशात मास्टर्स? नाही चालत

जर्मनीतल्या आखेनमध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय : जर्मनीचं रेसिडेन्स परमिट हातात आहे ना, मग पुढची मास्टर्स नेदरलँड्समध्ये करायला वेगळं काही लागत नाही. तिथलं मास्ट्रिख्ट शहर जेमतेम तीसेक किलोमीटरवर, एरवी सीमेवर पाटी सोडली तर काही जाणवतही नाही. त्यामुळे हे पटतंही चटकन.

पण शेंगेनची, म्हणजे आपसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाची, मोकळीक फिरण्यापुरती. जर्मन परमिटवर दुसऱ्या शेंगेन देशात राहता येतं ते कुठल्याही १८० दिवसांत फार तर ९० दिवस. पूर्ण मास्टर्ससाठी डच रेसिडेन्स परमिट लागतंच, आणि त्याचा अर्ज तुम्ही नाही, विद्यापीठ करतं. ‘राहायचं आखेनमध्ये, शिकायचं तिकडे’ हा जुगाडही फसतो. विद्यार्थ्याचं जर्मन परमिट जर्मनीतल्या शिक्षणाशी बांधलेलं असतं. विद्यापीठांमधल्या करारातून एखादं सेमिस्टर शेजारी करणं ही वेगळी गोष्ट, त्याला २०१६ च्या युरोपीय निर्देशात सोय आहे.

खरा फटका फीचा. नेदरलँड्समधली सरकारी सवलतीची फी (२०२५-२६ साठी २,६०१ युरो) मुख्यतः युरोपीय नागरिकांसाठी. भारतीय पासपोर्टवर, नुसत्या जर्मन स्टुडंट परमिटच्या जोरावर, ती मिळत नाही. विद्यापीठ स्वतः ठरवतं तो आकडा भरावा लागतो, आणि तो कित्येक पट असतो. तेव्हा बजेट मांडताना कोर्सच्या पानावरचा ‘नॉन-ईयू’ (युरोपीय संघाबाहेरच्यांसाठीचा) रकाना बघा.