गटवैशिष्ट्य (व्यूहखेळांतील)

गटवैशिष्ट्य : संगणकावरील किंवा पटावरील व्यूहखेळात (डावपेचांच्या खेळात) एखाद्या राष्ट्राला वा टोळीला दिलेली, इतरांपाशी नसलेली क्षमता. खेळाडू तिला सरसकट ‘बोनस’ म्हणतात. जादूचा आधार न घेता ती पटवायची, तर तिचे मूळ त्या लोकांच्या मुलखात, पोटापाण्यात, तालमीत किंवा फौजेच्या बांधणीत दिसावे लागते आणि तिची किंमतही कुठेतरी चुकती व्हावी लागते.

‘एज ऑफ एम्पायर्स २’ (१९९९) या संगणकखेळातील ब्रिटन गटाच्या पायी तिरंदाजांचा पल्ला इतरांहून लांब असतो. याला इतिहासाचा आधार आहे. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याने १३६३ मध्ये सणासुदीच्या दिवशी धनुष्याचा सराव करण्याचे फर्मान काढले होते. ते लांब धनुष्य खेचायला वर्षानुवर्षे अंग कमवावे लागे. खेळातला तिरंदाज मात्र काही सेकंदांत बाहेर पडतो. पल्ला मिळाला, तालीम गळाली.

याच खेळाच्या २००० सालच्या पुरवणीतील (नवे गट जोडणाऱ्या विस्तारातील) हूण गट जास्त चांगला साधला आहे. इतर सर्वांना लोकसंख्या वाढवण्यासाठी घरे बांधावी लागतात, आणि नवख्याची भरती ऐन लढाईत ‘आधी घरे बांधा’ या सूचनेवर अडते. हूणांना घरेच लागत नाहीत; बदल्यात सुरुवातीला १०० लाकूड कमी मिळते. भटकेपण इथे आकड्यातून नव्हे, खेळणाऱ्याच्या मोडलेल्या सवयीतून जाणवते. अमुक टक्के जास्त बळ देणे सोपे, पण ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

‘एज ऑफ एम्पायर्स ३’च्या २००७ मधील आशियाई पुरवणीत भारतीय गट गाई मारून अन्न मिळवू शकत नाही, त्या पवित्र कुरणात ठेवून अनुभवगुण कमावतो. हे पटते. त्याच गटाला गावकरी मात्र अन्नाऐवजी लाकूड मोजून मिळतात, आणि त्यामागचे कारण खेळता खेळता काही उमगत नाही.

‘एम्पायर : टोटल वॉर’ (२००९) मध्ये मराठे हा खेळता येणारा गट आहे. मराठ्यांसाठी नवे वैशिष्ट्य रचायचे, तर ‘गनिमी कावा’ या नावाखाली नुसता वेग वाढवणे हा आळस ठरेल. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचा आणी. एवढ्यावरही दोन वेगळे स्वार उभे राहतात. शिलेदार भरतीला स्वस्त पडावा, पण घोडा गेला तर नुकसान त्याचेच, म्हणून निकराच्या लढतीत त्याने हात राखावा. दसऱ्याला फौजा मोहिमेवर निघत आणि पावसाळ्यात छावणीला वा घरी परतत. तेव्हा कोरड्या महिन्यांत दूरवर मजल मारणाऱ्या या गटाला पटावर पाऊस सुरू होताच घोडदळ आवरते घ्यावे लागेल. प्रतिस्पर्ध्यालाही हे ठाऊक असल्याने तो नद्यांना पूर येईपर्यंत किल्ला लढवत राहील.