टकळी, टीव्ही आणि कोडिंग: विदर्भातल्या शाळांची पार्श्वभूमी

नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २९ जुलै २०२० रोजी मंजूर झालं आणि 'सहावीपासून कोडिंग' ही गोष्ट सगळ्यांच्या तोंडी आली. शहरात तेव्हा मोबाईल उघडला की कोडिंग क्लासच्या जाहिराती दिसायच्या. आमच्याकडे, यवतमाळ जिल्ह्यात, शाळा बंद होत्या आणि बहुतेक घरांत फोन एकच, तोही बापाच्या खिशात वावरात गेलेला. राज्याने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत रोजचा अभ्यास मोबाईलवर पाठवायला सुरुवात केली. पोट्ट्यांच्या हाती तो पडायचा दिवेलागणीला, बाप घरी आल्यावर. तेव्हापासून प्रत्येक प्रशिक्षणात 'तंत्रज्ञान' आणि 'विद्यार्थिकेंद्री शिक्षण' हे दोन शब्द जोडीनेच येतात, आणि दोन्ही कुठून तरी लांबून आल्यासारखे सांगितले जातात. त्यातल्या दुसऱ्याचा मोठा भाग आमच्या शेजारच्या जिल्ह्यातून देशभर गेला, हे सांगायचं राहून जातं.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं नुकतीच आली होती आणि शाळांचं काय करायचं, हा प्रश्न दारात उभा होता. अध्यक्षस्थानी गांधीजी. त्यांचं म्हणणं असं की सात वर्षांचं शिक्षण मोफत आणि सक्तीचं असावं, मातृभाषेत असावं आणि ते एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेलं असावं. शिक्षणतज्ज्ञ झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने २ डिसेंबरला अहवाल दिलासुद्धा. आज एका परिपत्रकाला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

त्या अहवालातलं वेळापत्रक शिक्षकाने एकदा तरी बघावं. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटं मूळ उद्योगाला दिली होती. मातृभाषेला ४० मिनिटं. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटं. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञानाला ३०. राहिलेली २० मिनिटं व्यायाम आणि मधली सुट्टी. पहिल्यांदा वाचताना वाटतं, पोरं शाळेत आली की कारखान्यात? हा आक्षेप तेव्हाही आला होता. परिषदेतच अर्थतज्ज्ञ के. टी. शहांनी विचारलं होतं की मुलांनी केलेला माल बाजारात आला तर गावातल्या कारागिराचं काय होणार. शाळेने आपला खर्च मुलांच्या हातकामातून काढावा, हा गांधीजींचा आग्रह मलाही कधी पटला नाही.

पण त्या ३ तास २० मिनिटांत करायचं काय होतं, ते पाहिलं की चित्र बदलतं. टकळीवर सूत काढताना तार मोजायची, सरासरी काढायची, सुताचा नंबर, म्हणजे ते किती बारीक, ते ठरवायचं. हे झालं गणित. कापूस कुठल्या जमिनीत येतो, सरकी कशी निघते, हे विज्ञान आणि भूगोल. इथला कापूस परदेशी गिरणीत का गेला, हा इतिहास. विनोबांनी याला 'समवाय' म्हटलं. विषय कामातून उगवला पाहिजे, कामाला चिकटवलेला नको. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम् या दांपत्याने ते वर्षानुवर्षं करून दाखवलं. टकळी हे त्या काळातलं मुलाला परवडणारं, त्याच्या हातात मावणारं आणि बिघडलं तर त्यालाच दुरुस्त करता येणारं यंत्र होतं. म्हणूनच तंत्रज्ञानाचा इतिहास सांगताना मी संगणकापासून सुरुवात करत नाही.

पुढे हे कामातून शिकणं विझत का गेलं, याची उत्तरं अनेक आहेत. पालकांना पोरगं शिकून नोकरीला लागायला हवं होतं. सूतच काढायचं तर शाळेत कशाला, असं कास्तकार विचारत, आणि त्यांचं चुकत नव्हतं. प्रांताचा कारभारही बदलत राहिला: मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या जनपद सभा, म्हणजे तेव्हाच्या स्थानिक स्वराज्य संस्था, गेल्या, १९५६ला विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६०ला महाराष्ट्रात, आणि १९६२पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या. १९६६च्या कोठारी आयोगाच्या अहवालात 'कार्यानुभव', म्हणजे हाताने काम करून शिकणं, हा शब्द आला. कल्पना चांगली होती. शाळेत उतरताना तिचा आठवड्यातला एक तास झाला, कागदी फुलं झाली आणि शेवटी श्रेणी झाली. ती फुलं बऱ्याचदा आईने केलेली असायची, हे गुरुजींना ठाऊक असायचं आणि आईलाही.

१९८४ साली दोन गोष्टी घडल्या. पुण्यात बालचित्रवाणी ही शैक्षणिक कार्यक्रम करणारी संस्था सुरू झाली आणि मराठी शाळांसाठी दूरदर्शनवर कार्यक्रम येऊ लागले. त्याच सुमारास केंद्राने निवडक शाळांत संगणक साक्षरतेचा 'क्लास' प्रकल्प आणला, त्यात ब्रिटनचे बीबीसी मायक्रो संगणक होते. ते यंत्र सुरू केलं की पडद्यावर थेट बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा वाट बघत असे. काही हवं असेल तर आज्ञा लिहा, नाहीतर नुसतं बसा. म्हणजे कोडिंग भारतातल्या शाळेत आलं त्याला आता चाळीस वर्षं झाली. खेड्यातल्या प्राथमिक शाळेची त्या वेळची गरज वेगळीच होती. १९८७च्या खडू-फळा मोहिमेत सरकार दोन खोल्या, दोन शिक्षक आणि एक फळा देण्याच्या गोष्टी करत होतं.

तिकडे अमेरिकेत सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७मध्ये मुलांसाठी लोगो ही संगणकाची भाषा केली होती. पॅपर्ट जिनिव्हाला बालमानसशास्त्रज्ञ पियाजेंजवळ काम करून अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात आलेले. जमिनीवर फिरणारं यांत्रिक कासव, त्याला 'पुढे जा', 'उजवीकडे वळ' असं सांगायचं आणि त्याच्या मागोमाग भूमिती शिकायची. यंत्राने मुलाला शिकवायचं नाही, मुलाने यंत्राला शिकवायचं, हा त्यांचा मुद्दा. २००७ साली एमआयटीतूनच मुलांसाठी स्क्रॅच ही कोडिंगची भाषा आली. त्यात आज्ञा टाईप कराव्या लागत नाहीत, रंगीत ठोकळे एकमेकांत बसवायचे. इंटरनेटशिवाय चालणारी त्याची आवृत्ती मिळते. आमच्यासारख्यांना तेवढंच पुरतं.

आपल्याकडे मात्र मधल्या काळात बेसिक गेली आणि टायपिंग आलं. २००४ साली केंद्राची माध्यमिक शाळांसाठीची आयसीटी (माहिती आणि संप्रेषण तंत्रज्ञान) योजना आली. महाराष्ट्रात ती बऱ्याच ठिकाणी कंत्राटी पद्धतीने चालली: कंपनी लॅब बसवणार, निदेशक नेमणार, ठरलेली वर्षं चालवणार, मग शाळेकडे सोपवणार. अभ्यास काय, तर संगणकाचे भाग सांगा, फाईल सेव्ह करा, अर्ज टाईप करा. एका शाळेत मी पाहिलेली लॅब अशी होती: खिडक्यांना पडदे, यंत्रांवर शिवून घेतलेली कव्हरं, चपला बाहेर, चावी मुख्याध्यापकांच्या टेबलात. कंत्राट संपलं, निदेशक गेला. कव्हरं तेवढी नवीकोरी राहिली. उन्हाळ्यात भारनियमन आणि पावसाळ्यात वीज पडेल म्हणून काढून ठेवलेले प्लग, यांतून जो वेळ उरायचा तो परीक्षेचा.

दुसरीकडे शिकवण्याची पद्धत बदलत होती. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल अनुभवातून स्वतःच ज्ञान रचतं हा विचार, शिक्षकांच्या बोलण्यात आणला. साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या (बीट म्हणजे शाळांचा एक गट) शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गेले, विदर्भातूनही गेले, आणि परत येऊन त्यांनी मुलांना फरशीवरच बसून शिकता यावं म्हणून वर्गाच्या फरशा ऑइलपेंटने रंगवल्या. जून २०१५च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमानंतर याला जोर आला. त्याच लाटेत लोकवर्गणीतून शाळा डिजिटल झाल्या. गावाने पैसे जमवले, टीव्ही लागला, फीत कापली. माझा आक्षेप गावावर नाही. पण फरशीवर बसून मुलं स्वतः काड्यांचे गठ्ठे बांधत होती, तीच आता टीव्हीकडे तोंड करून ओळीत बसली. एकाच वर्गात दोन उलट गोष्टी आल्या आणि दोन्हींना प्रगती म्हटलं गेलं. शिवाय वीजबिल शाळेने कुठून भरायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता माझ्या वर्गातलं. सातवीच्या पोरांना मी स्क्रॅचमध्ये पऱ्हाटीच्या तासांचं, म्हणजे कपाशीच्या ओळींचं, चित्र काढायला दिलं. पुढे जा, ठिपका दे, पुन्हा पुढे जा. तास संपला की वळ आणि दुसरा धर. ही 'पुन्हा पुन्हा'ची आज्ञा समजावून सांगावी लागली नाही. "हे त टोबल्यावानीच हाये," एक पोरगा म्हणाला. टोबणं म्हणजे ठरावीक अंतरावर एकेक बी लावत जाणं. पण त्यांचं पडद्यावरचं पात्र दोन तास काढून त्याच दोन तासांवर गोल फिरत राहिलं. पोट्टे आपसात भांडले. मला कुणी विचारलं नाही, मीही मध्ये पडलो नाही. शेवटी एक मुलगी उठली आणि बाकांच्या मधून बैलांचा डवरा हाकल्यासारखी चालत गेली, टोकाला वळली, परत आली, पुन्हा वळली. "सर, बैल एका धुऱ्यावर उजवीकडं वळते, दुसऱ्या धुऱ्यावर डावीकडं. आपण दोन्हीकडं उजवीकडंच वळवून राह्यलो." दुसऱ्या धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या दुसऱ्या कडेच्या, वळणाचे ठोकळे बदलले आणि पडदाभर तास उमटले. मग एकरी किती झाडं बसतात, हा हिशेब त्यांनीच काढला.

म्हणून २०२०च्या धोरणातली एक जागा मला महत्त्वाची वाटते. सहावी ते आठवी याच वर्गांसाठी त्यात कोडिंग आहे, आणि याच वर्गांसाठी दहा दप्तरमुक्त दिवसही आहेत, ज्यांत मुलांनी गावातल्या सुताराकडे, कुंभाराकडे, माळ्याकडे जाऊन काम शिकायचं आहे. कागदावर दोन्ही शेजारी आहेत. प्रत्यक्षात दोन्हींची प्रशिक्षणं वेगळी, प्रशिक्षण देणारे सुलभक वेगळे, अहवालाचे नमुने वेगळे आणि फोटो टाकायचे ग्रुपही वेगळे. यंदा दप्तरमुक्त दिवशी गावातल्या एका कास्तकाराला वर्गात बोलवायचं ठरलंय. पऱ्हाटीच्या दोन तासांत अंतर किती आणि का, ते तो सांगेल. पोट्टे तेच मोजून संगणकावर मांडतील. लाईट राहिली तर. फोटो कुठल्या ग्रुपवर टाकायचा ते केंद्रप्रमुखांना विचारावं लागेल.