पडवीतले वासरू आणि रांगते बाळ

सोलापूर जिल्ह्यात सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर या भागांत खिलार गाय आणि पंढरपुरी म्हैस घरातलीच मानली जाते, आणि नुकतेच जन्मलेले वासरू किंवा रेडकू थंडीवाऱ्यापासून जपण्यासाठी पुष्कळदा घराच्या पडवीत बांधले जाते. त्याच पडवीत वर्षभराचे मूल रांगत असते आणि हाताला लागेल ते तोंडात घालत असते. माझी काळजी नेमक्या याच कोपऱ्याविषयी आहे.

वासराला पहिल्या महिन्यात पातळ हगवण लागते, तेव्हा तिच्यामागे अनेकदा क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशीय परजीवी असतो. आजारी वासराच्या शेणातून दिवसाकाठी त्याचे अब्जावधी कोष, म्हणजे कवचात बंद असलेली त्याची सूक्ष्म रूपे, बाहेर पडू शकतात, आणि आजार होण्यास दहा-वीस कोष पोटात गेले तरी पुरतात. मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढा हा कोष डोळ्यांना दिसत नाही, म्हणून झाडून घेतलेली जमीन स्वच्छ दिसली तरी ती निर्धोक असतेच असे नाही. सात देशांतील लहान मुलांच्या हगवणीचा एक मोठा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कोलकात्याचाही समावेश होता. वर्षाच्या आतील बाळांच्या मध्यम ते तीव्र हगवणीत रोटाव्हायरसच्या खालोखाल हाच परजीवी आढळला. त्याचा होमिनिस हा प्रकार माणसाकडून माणसाकडे पसरतो, त्यामुळे प्रत्येक वेळी दोष गोठ्याला देणे योग्य नाही. वासरांकडून येतो तो मुख्यतः पार्व्हम.

गावात पाण्यात टीसीएल पावडर टाकली की आपण निश्चिंत होतो, परंतु या कोषाचे जाड कवच क्लोरीनला दाद देत नाही. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात 1993 साली प्रक्रिया केलेल्या नळाच्या पाण्यातूनच सुमारे चार लाख लोक आजारी पडले. अंगणवाडीत मिळणारी जंताची गोळीही यावर चालत नाही, कारण ती कृमींसाठी आहे. बाळाचे पाणी उकळावे, आणि हात सॅनिटायझरने न पुसता साबणाने चोळून वाहत्या पाण्यात धुवावेत.

कोषाला खरोखर मारतो तो कोरडेपणा. ओल्या, सावलीच्या जागी तो महिनोन्‌महिने टिकतो, मात्र पूर्ण वाळला की काही तासांत निकामी होतो, आणि उन्हाळ्यात चाळीस अंशांवर तापणाऱ्या सोलापुरात ही सोय फुकट आहे. वासराची जागा घराच्या दारापासून दूर, पाणी निचरून जाईल अशा उताराची असावी. खालचे काड रोज बदलून उन्हात पसरावे. उकिरडा विहिरीच्या किंवा बोअरच्या वरच्या अंगाला नसावा. हगवण लागलेले वासरू वेगळे बांधावे आणि त्याची निगा राखणाऱ्याने हात धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नये. पावसाळ्यात गोठा वाळतच नाही, तेव्हा निदान रांगत्या मुलाची जागा आडवी फळी लावून वेगळी करावी.

बाळाला हगवण लागलीच, तर ओआरएस आणि झिंक लगेच सुरू करून डॉक्टरांना दाखवावे, आणि त्या आठवड्यात घरातले वासरूही आजारी होते का, हे त्यांना आवर्जून सांगावे.