रोज्याचं घड्याळ आभाळात

रमजान लागला की मशिदीच्या फलकावर, किराणा दुकानाच्या गल्ल्यामागे, घरातल्या फ्रीजवर एक टाइमटेबल चिकटतं. सेहरी कधीपर्यंत करायची आणि इफ्तार कधी, हे त्यात मिनिटागणिक दिलेलं असतं. उपवासात शरीराचं काय होतं यावर दरवर्षी भरपूर छापून येतं. मला त्या कागदामागचं खगोलशास्त्र जास्त मजेदार वाटतं.

रोजा सूर्योदयाला सुरू होतो, असा अनेकांचा समज असतो. खरं तर तो पहाट फुटताच सुरू होतो. सूर्य क्षितिजाखाली साधारण १८ अंशांवर आला की त्याची किरणं वातावरणाच्या वरच्या थरांना लागतात, विखुरतात आणि पूर्व उजळू लागते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे मुंबईत ही वेळ सूर्योदयाच्या सुमारे सव्वा तास आधी येते. हे १८ अंशही सर्वमान्य नाहीत. मक्केच्या उम्म अल-कुरा पद्धतीत १८.५, इजिप्तच्या पद्धतीत १९.५, तर उत्तर अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी १५ अंश धरतात. दोन मोबाइल अॅप फज्रच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजाच्या, वेगवेगळ्या वेळा दाखवतात ते यामुळेच.

त्यातही पहाटा दोन. सुबह-ए-काजिब म्हणजे खोटी पहाट. तिचा उजेड उभा, वर निमुळता होत जाणारा. सुबह-ए-सादिक ही खरी. ती क्षितिजालगत आडवी पसरत जाते. रोजा हिच्यापासून. खोटी पहाट म्हणजे खगोलशास्त्रातला राशिचक्रीय प्रकाश: ग्रहांच्या कक्षांच्या पातळीत तरंगणाऱ्या धुळीवरून विखुरलेलं ऊन. दुर्बीण नसताना लोकांनी हा फरक नुसत्या डोळ्यांनी टिपला होता. मुंबईच्या झगमगाटात तो आता दिसणं कठीण. त्यासाठी काळोखं माळरान गाठायला हवं.

दुपारच्या नमाजांचं मोजमाप सावलीवर चालतं. सूर्य माथ्यावरून कलला की जोहर. असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, वेळ काढताना उभ्या काठीच्या सावलीतून तिची मध्यान्हीची सावली वजा करायची. उरलेली वाढ काठीएवढी झाली की शाफई पंथाची असर लागते, दुप्पट झाली की हनफींची. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, देशावरचे बहुतेक हनफी. त्यामुळे एकाच शहरात असरच्या दोन वेळा असू शकतात, आणि त्यांत जवळजवळ तासाभराचा फरक पडतो.

इफ्तार सूर्यास्ताला. रेखांशाच्या एका अंशाला ४ मिनिटं, म्हणून नागपूरकर मुंबईकरांच्या साधारण २५ मिनिटं आधी खजूर तोंडात टाकतात. उंचीनेही फरक पडतो. जितकं उंच जावं तितकं क्षितिज खाली जातं आणि सूर्य उशिरा मावळतो. दुबईची बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच आहे. तिथल्या मुफ्तींनी २०११ मध्ये सांगितलं, की ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी २ मिनिटं आणि १५० व्याच्या वरच्यांनी ३ मिनिटं थांबून रोजा सोडावा. भूमितीने हिशेब केला तरी जवळपास हेच आकडे येतात. अंतराळात तर दीड तासात एक सूर्यास्त! ऑक्टोबर २००७ मध्ये मलेशियाचे शेख मुजफ्फर शुकूर रमजानमध्येच अंतराळ स्थानकावर गेले. वेळेसाठी उड्डाण झालं ती जागा, म्हणजे बैकानूर, प्रमाण धरावी, असं त्यांच्या देशातल्या धर्मपंडितांनी ठरवलं होतं.

दिवस सूर्याचा, पण महिना चंद्राचा. हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचं, आणि आपल्या पंचांगासारखा अधिक महिना त्यात नाही. म्हणून रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१९ मध्ये तो भर मे महिन्यात होता. २०३० मध्ये एकाच इंग्रजी वर्षात दोनदा सुरू होईल: जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. दोन्ही वेळा मुंबईचा रोजा साधारण साडेबारा तासांत आटोपेल.