अर्धसंवाहक स्पिनट्रॉनिक्स आणि त्याच्या संशोधनाचे अर्थसाहाय्य

इलेक्ट्रॉनाच्या विद्युत् भाराबरोबरच त्याच्या स्पिनचा (परिवलनाचा) उपयोग करून माहिती साठवणारी, वाहून नेणारी व हाताळणारी साधने घडवण्याच्या विद्येला स्पिनट्रॉनिक्स म्हणतात. धातूंच्या पातळ थरांवर आधारलेली तिची शाखा हार्ड डिस्कच्या रूपाने घराघरांत पोहोचली. गॅलियम आर्सेनाइड, सिलिकॉन यांसारख्या अर्धसंवाहकांवर आधारलेली दुसरी शाखा मात्र बराच काळ प्रयोगशाळेतच राहिली. सरकारी व औद्योगिक पैसा तिच्याकडे वळला तो मुख्यतः ‘स्पिन ट्रान्झिस्टर’च्या आशेवर. तो ट्रान्झिस्टर आजही बाजारात नाही. तरीही त्या निमित्ताने जे मोजायला, वाढवायला आणि जपायला शिकता आले, त्याचे मोल मोठे आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः अमेरिकेतील अर्थसाहाय्याचा आणि त्यातून उभ्या राहिलेल्या विज्ञानाचा विचार केला आहे.

इलेक्ट्रॉनाला स्पिन असतो ही कल्पना उलेनबेक व गौडस्मिट यांनी १९२५ मध्ये मांडली. कोणत्याही एका दिशेने मोजल्यास स्पिनला ‘वर’ आणि ‘खाली’ अशी दोनच मूल्ये मिळतात. तांब्याच्या तारेत दोन्ही प्रकारचे इलेक्ट्रॉन सारख्याच संख्येने वाहतात, त्यामुळे स्पिनचा परिणाम बाहेर दिसत नाही. लोखंड, कोबाल्ट यांसारख्या लोहचुंबकी धातूंत हा समतोल बिघडलेला असतो आणि दोन्ही स्पिनच्या इलेक्ट्रॉनांना होणारा रोधही वेगळा असतो. हे दोन प्रवाह वेगवेगळे धरून विचार करण्याची पद्धत नेव्हिल मॉट यांनी १९३६ मध्ये घालून दिली. तिचा मोठा व्यावहारिक उपयोग व्हायला पन्नासहून अधिक वर्षे गेली.

१९८८ मध्ये फ्रान्समधील ओर्से येथे आल्बेर फेर यांच्या गटाला आणि जर्मनीतील युलिश येथे पेटर ग्र्युनबेर्ग यांना लोखंड-क्रोमियमच्या पातळ थरांत महाचुंबकरोध आढळला. शेजारच्या चुंबकी थरांची दिशा परस्परविरुद्ध असली की रोध जास्त असतो. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावून त्या दिशा एक केल्या की रोध घटतो. फेर यांच्या अनेक थरांच्या नमुन्यात द्रव हीलियमच्या तापमानाला तो जवळजवळ निम्म्यावर आला. आयबीएममधील स्टुअर्ट पार्किन यांनी असे थर स्पटरिंगच्या (आयनांच्या माऱ्याने धातूचे अणू उडवून ते पृष्ठावर बसवण्याच्या) सोप्या व वेगवान पद्धतीने बनवता येतात हे दाखवले. १९९७ मध्ये या तत्त्वावरचे वाचनशीर्ष असलेली १६.८ गिगाबाइटची हार्ड डिस्क आयबीएमने विक्रीला आणली. शोधापासून दुकानापर्यंत नऊ वर्षे! २००७ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक फेर व ग्र्युनबेर्ग यांना मिळाले. अनुदान मागणाऱ्या प्रत्येक प्रस्तावात पुढे या नऊ वर्षांचा दाखला दिला जाऊ लागला. अर्धसंवाहकांकडूनही त्याच गतीची अपेक्षा ठेवली गेली. माझ्या मते या क्षेत्रातील पुढच्या बऱ्याच निराशेचे मूळ इथेच आहे.

अमेरिकेत या विषयामागे पैसा उभा करण्यात डार्पा या संरक्षण खात्याच्या संस्थेचा वाटा सर्वांत मोठा होता. नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतून तिथे आलेले भौतिकीविज्ञ स्टुअर्ट वुल्फ यांनी १९९०-२००० या दशकाच्या मध्यात स्पिनट्रॉनिक्सचा कार्यक्रम उभारला. आयबीएम, मोटोरोला आणि हनीवेल या कंपन्यांना चुंबकी स्मृती (एमरॅम) विकसित करण्यासाठी त्यातून साहाय्य मिळाले. लष्कराचा हेतू स्पष्ट होता. वीज गेली तरी मजकूर टिकावा आणि उपग्रहात किंवा क्षेपणास्त्रात किरणोत्साराचा मारा बसला तरी तो पुसला जाऊ नये. नेहमीच्या स्मृतीत मजकूर साठवणारा संधारित्रातला भार किरणोत्साराने ढळू शकतो, चुंबकाची दिशा सहसा ढळत नाही. १९९५ मध्ये एमआयटीतील जगदीश मूडेरा आणि जपानमधील तोहोकू विद्यापीठातील तेरुनोबू मियाझाकी यांच्या गटांनी, दोन चुंबकी थरांमधल्या पातळ विसंवाहक थरातून होणारा चुंबकी बोगदा-परिणाम (इलेक्ट्रॉन त्या थरातून आरपार जाताना चुंबकांच्या दिशांनुसार रोध बदलणे) सामान्य तापमानालाही ठळक मिळतो हे दाखवले होते. तोच पुढे एमरॅमचा गाभा ठरला. मोटोरोलातून वेगळ्या झालेल्या फ्रीस्केल कंपनीने २००६ मध्ये ४ मेगाबिटची एमरॅम चिप बाजारात आणली.

स्मृतीचे काम कंपन्यांनी उचलल्यावर डार्पाने २००० च्या सुमारास अर्धसंवाहकांतील स्पिनसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. त्यामागची प्रेरणा पर्ड्यू विद्यापीठातील सुप्रियो दत्ता आणि विश्वजित दास यांनी १९९० मध्ये मांडलेल्या स्पिन ट्रान्झिस्टरच्या रचनेतून आली होती. तिच्या एका टोकाला लोहचुंबकी विद्युत् अग्र असते. तिथून एकाच स्पिनचे इलेक्ट्रॉन अर्धसंवाहकाच्या अरुंद पट्टीत सोडायचे. पट्टीवरच्या द्वार-अग्राला विद्युत् दाब दिला की आतील विद्युत् क्षेत्र बदलते आणि राश्बा परिणामामुळे (धावत्या इलेक्ट्रॉनाच्या स्पिनला विद्युत् क्षेत्र चुंबकीय क्षेत्रासारखे जाणवण्यामुळे) धावत्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन वळू लागतात. दुसऱ्या टोकाच्या चुंबकाशी स्पिनची दिशा जुळली तर प्रवाह सुरू राहतो आणि ती उलट झाली तर तो घटतो. नेहमीच्या ट्रान्झिस्टरमध्ये प्रवाह थांबवण्यासाठी वाटेतले इलेक्ट्रॉन हटवावे लागतात. इथे नुसता स्पिन फिरवणे पुरेसे होते, म्हणून ऊर्जा वाचेल अशी आशा होती. कागदावर ही रचना देखणी आहे आणि आजही शिकवण्यासाठी तिच्याइतके चांगले उदाहरण सापडणे कठीण.

प्रत्यक्षात अडचण पहिल्याच पायरीवर आली. लोखंडाचे अग्र थेट अर्धसंवाहकावर बसवले की स्पिनचे ध्रुवीकरण (एका दिशेच्या स्पिनचे आधिक्य) आत शिरतच नसे. मिळणारा संकेत अत्यल्प आणि वादग्रस्त असे. २००० मध्ये गेओर्ग श्मिट व सहकाऱ्यांनी याचे कारण गणिताने मांडले : धातूची संवाहकता अर्धसंवाहकाच्या कित्येक पट असते, त्यामुळे सगळा रोध अर्धसंवाहकाचाच आणि त्याला स्पिनचा भेद कळत नाही. त्याच वर्षी इमान्युएल राश्बा यांनी उपाय सुचवला. दोहोंच्या मध्ये स्पिननुसार रोध बदलणारा बोगदा-अडथळा घालावा. पुढच्या काही वर्षांत नौदल प्रयोगशाळेतील बेरेंड जोंकर यांच्या गटाने लोखंड आणि ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइड यांच्या सीमेवरच्या अडथळ्यातून सुमारे ३० टक्के ध्रुवीकरण आत नेऊन दाखवले.

हे मोजतात कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. अर्धसंवाहकाच्या थरांखाली प्रकाश-उत्सर्जक डायोड बांधलेला असतो. वरून सोडलेला इलेक्ट्रॉन खाली पोकळीशी (इलेक्ट्रॉनाच्या रिकाम्या जागेशी) संयोग पावतो आणि फोटॉन बाहेर पडतो. आत आलेले स्पिन एकाच दिशेचे असतील तर निघणारा प्रकाश वर्तुळाकार ध्रुवित असतो, तो डावीकडे फिरतो की उजवीकडे आणि किती प्रमाणात, यावरून स्पिनचा हिशेब लागतो. १९९९ मध्ये व्युर्झबुर्ग येथील गटाने आणि तोहोकूचे हिदेओ ओहनो व सँटा बार्बरा येथील डेव्हिड ऑशलम यांच्या गटांनी असे स्पिन-डायोड प्रथम दाखवले. सिलिकॉनमधून प्रकाश असा सहज निघत नाही, म्हणून तिथे हान्ले परिणामाचा आधार घेतात. स्पिनच्या दिशेला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावले की स्पिन वाटेतच गिरक्या घेऊ लागतात. क्षेत्र वाढवत नेले की शोधकापाशी येणारा संकेत वरखाली होत विरून जातो. हा आलेख मिळाला तर स्पिन खरोखर पलीकडे पोहोचला असे मानतात. डेलावेअर विद्यापीठात इयान ॲपलबाम यांच्या गटाने २००७ मध्ये या मार्गाने सिलिकॉनमधील स्पिनवहन सिद्ध केले. त्याच सुमारास ३५० मायक्रोमीटर जाडीच्या सिलिकॉन चकतीतूनही स्पिन आरपार गेल्याचे त्यांनी दाखवले.

डार्पाच्या आणि जपानी निधीच्या काळात दुसरी मोठी आशा होती ती स्वतःच चुंबकी असलेल्या अर्धसंवाहकाची. ओहनो यांनी गॅलियम आर्सेनाइडमध्ये काही टक्के मँगनीज घालून १९९६ मध्ये तो लोहचुंबकी केला. इथे कारागिरीचे महत्त्व दिसते. गॅलियम आर्सेनाइड रेण्वीय शलाका पद्धतीने (निर्वातात अणू-रेणूंचे झोत सोडून थरावर थर चढवून) एरवी सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास वाढवतात, पण त्या उष्णतेत मँगनीज बाहेर पडून वेगळे कण बनवतो. म्हणून वाढ अडीचशे अंशांच्या जवळपास करावी लागते. मग स्फटिकात दोष राहतात. ते कमी करण्यासाठी नमुना पुन्हा तासन् तास सौम्य तापवतात. एवढे करूनही चुंबकत्व सुमारे २०० केल्व्हिनपर्यंतच, म्हणजे शून्याखाली सत्तरेक अंश सेल्सिअसपर्यंतच टिकते. फ्रिजमध्येही न टिकणारे चुंबकत्व संगणकात वापरता येत नाही.

२००० मध्ये टोमाश डीट्ल व सहकाऱ्यांनी सिद्धांताच्या आधारे असे भाकीत केले की गॅलियम नायट्राइड आणि झिंक ऑक्साइड यांत सामान्य तापमानालाही असे चुंबकत्व मिळू शकेल. पाठोपाठ जगभरच्या प्रयोगशाळांतून दाव्यांची रीघ लागली. त्यातले बरेचसे दावे टिकले नाहीत. काही ठिकाणी चुंबकी धातूचे सूक्ष्म कण स्फटिकात जमलेले आढळले. हाफ्नियम ऑक्साइडच्या थरांच्या बाबतीत तर २००५ मध्ये असे दिसले की नमुने स्टेनलेस स्टीलच्या चिमट्याने हाताळल्यामुळेही चुंबकी संकेत मिळू शकतो. इतका क्षीण संकेत मोजताना चिमट्याचा ओरखडासुद्धा शोध वाटू शकतो. अल्प मुदतीच्या अनुदानात नमुना बनवून लगेच चुंबकमापन करून छापणे सोपे असते. तोच नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अणुथरापर्यंत तपासणे महाग आणि वेळखाऊ असते. दाव्यांच्या पुरामागे उतावीळपणा होताच, पण पडताळणीसाठी वेगळा पैसा राखून न ठेवणाऱ्या निधिव्यवस्थेचाही त्यात हात होता, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

२००५ च्या सुमारास निधीचा दुसरा प्रवाह सुरू झाला. प्रोसेसरचा वेग उष्णतेमुळे अडखळला होता आणि चिप उद्योगाला प्रचलित ट्रान्झिस्टरनंतरच्या स्विचचा शोध हवा होता. सेमीकंडक्टर रिसर्च कॉर्पोरेशन या उद्योगसंघाने त्याच वर्षी विद्यापीठांसाठी नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचा संयुक्त उपक्रम काढला. २०१३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात सी-स्पिन हे स्पिनट्रॉनिक्सचे केंद्र उघडले. उद्योगसंघ आणि डार्पा यांनी त्याला पाच वर्षांसाठी २.८ कोटी डॉलर दिले. याच काळात इंटेलच्या दिमित्री निकोनोव्ह व इयान यंग यांनी नव्या स्विचांची एकाच मोजपट्टीवर तुलना केली. स्पिनवर चालणारी बहुतेक साधने वेगात आणि ऊर्जेत साध्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरच्या मागे पडली. वीज गेल्यावरही स्थिती टिकवण्यात ती पुढे होती. पैसे देणाऱ्यांनीच असा प्रतिकूल निष्कर्ष काढून तो खुला करावा, ही या इतिहासातील सर्वांत प्रशंसनीय गोष्टींपैकी एक आहे. दरम्यान सोलमधील कोरिया विज्ञान व तंत्रविद्या संस्थेच्या गटाने २००९ मध्ये दत्ता-दास रचनेतील अपेक्षित दोलने इंडियम आर्सेनाइडमध्ये दाखवली, पण अतिनीच तापमानालाच.

अर्धसंवाहक स्पिनचे ज्ञान शेवटी कामी आले ते पुंज (क्वांटम) संगणनात. ऑशलम व जे किक्कावा यांनी १९९८ मध्ये गॅलियम आर्सेनाइडमध्ये शंभर नॅनोसेकंदांहून अधिक टिकणारे स्पिन दाखवले होते. त्याच वर्षी डॅनिएल लॉस व डेव्हिड डिव्हिन्सेंझो यांनी पुंजबिंदूतील (इलेक्ट्रॉन कोंडून ठेवणाऱ्या अर्धसंवाहकातील सूक्ष्म जागेतील) एका इलेक्ट्रॉनाच्या स्पिनचा क्यूबिट (पुंज संगणकातील माहितीचे एकक) म्हणून, तर ब्रूस केन यांनी सिलिकॉनमधील फॉस्फरस अणूच्या गाभ्याचा क्यूबिट म्हणून उपयोग सुचवला. ऑस्ट्रेलिया सरकारने केन यांच्या कल्पनेमागे सिडनीत केंद्र उभे केले आणि अमेरिकी लष्कराच्या संशोधन कार्यालयानेही त्याला साहाय्य दिले. तिथे २०१० मध्ये सिलिकॉनमधील एका इलेक्ट्रॉनाचा स्पिन वाचता आला, २०१२ मध्ये तो क्यूबिट म्हणून चालवता आला. सिलिकॉन-२८ या समस्थानिकाच्या अणुगाभ्याला स्पिन नसतो, त्यामुळे शुद्ध केलेल्या सिलिकॉन-२८ मध्ये इलेक्ट्रॉनाचा स्पिन फार काळ अबाधित राहतो. इंटेलने २०१५ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या क्यूटेक संस्थेशी ५ कोटी डॉलरचा करार केला. २०२२ च्या आरंभी सिडनी, डेल्फ्ट आणि जपानमधील रिकेन येथील गटांनी दोन क्यूबिटांच्या क्रिया ९९ टक्क्यांहून अधिक अचूकतेने केल्याचे जाहीर केले.

भारतात या विषयाला पैसा येतो तो मुख्यतः केंद्र सरकारकडून. २००६ मध्ये केंद्राच्या साहाय्याने आयआयटी मुंबई आणि बंगळूरूची भारतीय विज्ञान संस्था यांत नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रे उभी राहिली. देशभरचे संशोधक तिथल्या स्वच्छ-कक्षांत येऊन साधने बनवू शकतात. ज्यांच्या महाविद्यालयात साधा स्पटरिंग कक्षही नाही, अशा विद्यार्थ्यांसाठी ही सोय अनुदानाच्या रकमेहून मोलाची आहे. आयआयटी मुंबईतील अश्विन तुळापूरकर हे चुंबकी बोगदा-संधीतील स्पिन-बलाघूर्ण डायोड परिणामाच्या (प्रत्यावर्ती प्रवाहातून एकदिश विद्युत् दाब मिळण्याच्या) २००५ मधील निबंधाचे प्रथम लेखक होत. ते काम जपानमध्ये झाले. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय पुंज अभियानाला २०३०-३१ पर्यंत ६,००३.६५ कोटी रुपयांची तरतूद आहे. त्याच्या चार केंद्रांपैकी संवेदन व मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईकडे, तर पदार्थ व साधनांचे आयआयटी दिल्लीकडे आहे. हिऱ्यातील नायट्रोजन-रिक्तिका केंद्रांच्या (कार्बनच्या जागी नायट्रोजन आणि शेजारी रिकामी जागा असलेल्या दोषांच्या) स्पिनच्या साहाय्याने सूक्ष्म चुंबकीय क्षेत्रे मोजण्याचे काम मुंबईत चालू आहे, आणि हे मापन सामान्य तापमानालाही करता येते.